आप्पांचं होम

(शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीचं ऑफिस, दुपार. महांतेश कॉम्प्युटरपुढे बसलेला. त्याची मोठी बहीण सौंदर्या, जी धारवाडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सेंटर सांभाळते, फोनवर. स्पीकर चालू. दोघांचे वडील अण्णासो, म्हणजे आप्पा, नंतर येतात.)

सौंदर्या : आधी डी आहे. मग आर, डब्ल्यू, एक्स. मग सहा आडव्या रेघा. शेवटच्या रेघेला चिकटून काय दिसतंय?

महांतेश : काय न्हाय.

सौंदर्या : स्क्रीनवर बोट फिरव आणि मग बघ.

महांतेश : टिंब हाय. मला वाटलं वाळूचा कण बसलाय.

सौंदर्या : वाळू नाही. त्या टिंबाचा अर्थ असा, की या फोल्डरवर दोन पहारे आहेत. पहिला परवानगीचा. तो तू ठरवतोस आणि तो बरोबर आहे. दुसरा एसईलिनक्सचा, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या नियमांचा. तो कुणाला आत सोडत नाही.

महांतेश : सकाळपासनं अख्खं ड्रॉइंग ऑफिस चहा पीत बसलंय, आक्का. पासवर्ड टाकला की म्हणतंय, होम डिरेक्टरीत जायला मनाई. संयोगिता मघाशी येऊन म्हणाली, सर, माझं घर गेलं.

सौंदर्या : गेलं नाही. तू उचलून दुसरीकडं ठेवलंस.

महांतेश : जुनी डिस्क भरलीती. नवी बसवली, सगळ्यांची होम, ज्याची त्याची फोल्डरं, तिकडं कॉपी केली, मशीन बंद करून चालू केलं. एवढंच केलंय बघ.

सौंदर्या : कॉपी केलं की फाइलींना नव्या जागेचं लेबल लागतं. हा दुसरा पहारेकरी नावं वाचत नाही, लेबलं वाचतो. एलएस टाइप कर, मग वजाची खूण आणि मोठा झेड. लेबलात काय लिहिलंय?

महांतेश : डिफॉल्ट. सगळ्यांच्या फुडं डिफॉल्ट.

सौंदर्या : म्हणजे मशीनच्या लेखी ते कुणाचंच घर नाही.

महांतेश : मग आपलं सेटएनफोर्स शून्य करतो की. एक ओळ टाकली की सगळी आत.

सौंदर्या : ‘आपलं’ कधीपासून झालं ते?

महांतेश : तूच सांगितलीस ती ओळ, मशीन बसवलं तवा.

सौंदर्या : तेवढ्यापुरती सांगितली होती. शून्य केलं की मशीन नियम वाचतं, कुणी मोडला तर लिहून ठेवतं, आणि सोडून देतं. अडवत नाही. मशीन बंद होऊन परत चालू झालं की पुन्हा अडवायला लागतं. तू त्यानंतर कितीदा टाकलीस?

महांतेश : लाइट गेली की टाकतो.

सौंदर्या : शिरोलीत?

महांतेश : मग रोजच म्हण की.

सौंदर्या : पण का? आजवर तर होम हलवली नव्हतीस. सगळे आत जात होते. कुणाला अडत होतं?

महांतेश : आधी ह्ये नीट कर. मग सांगतो.

सौंदर्या : बरं. दोन ओळी मेसेज केल्यात. पहिलीनं मशीनला कळेल, की नव्या डिस्कवरचं होम हे जुन्या होमसारखंच धरायचं. दुसरीनं लेबलं परत लागतील. जशीच्या तशी टाक. मधल्या मोकळ्या जागा खाऊ नकोस.

महांतेश : टाकली. दुसरी बी टाकली. नावं पळाय लागली बघ. संयोगिता झाली. पूर्णिमा झाली. आप्पांचं लई लांबतंय.

सौंदर्या : लांबणारच. होऊ दे.

महांतेश : झालं. ए संयोगिता, कप ठेव आन पासवर्ड टाक बघू. गेलीस आत? सगळं हाय का? हाय म्हणती, आक्का.

सौंदर्या : आता सांग. शून्य कशासाठी?

महांतेश : खालच्या पॅटर्न शॉपातलं मशीन. पिराजी चालवायचा त्ये. आप्पांच्या होममधनं ड्रॉइंग उचलतं. नियम चालू असला की उचलू देत न्हाय.

सौंदर्या : देणारच नाही. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमला लोकांच्या होममध्ये शिरायला बंदी असते. मुद्दाम उघडावं लागतं. त्याचा वेगळा स्विच आहे. पण आप्पांची ड्रॉइंग सगळ्यांच्या फोल्डरमध्ये का नाहीत?

महांतेश : ठेवत न्हाईत. म्हणत्यात, माझं काम चावडीवर कशाला मांडायचं? आन मला बी त्येच बरं पडायचं. ते काढणार, मी मागनं आत शिरून नीट करणार, मग पिराजी उचलणार.

सौंदर्या : नीट करणार म्हणजे?

महांतेश : तुला ठाव हाय की.

सौंदर्या : विसरतात, एवढं माहीत आहे. ड्रॉइंगमध्ये काय होतं ते तू कधी बोलला नाहीस.

महांतेश : श्रिंकेज. लोखंड गार झालं की आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हंजे ज्याच्यावर वाळूचा साचा उठवायचा तो नमुना, टक्काभर मोठा काढायचा. आप्पांच्या हाडात बसलंय त्ये. ड्रॉइंग उघडलं की पयलं काम, टक्का वाढवायचा.

सौंदर्या : मग ते बरोबरच आहे.

महांतेश : एकदा केलं तर. काल वाढवलेला आज ध्यानात नसतो. आज उघडलं की परत टक्का. उद्या परत. लेथचा बेड हाय, यंत्राचा खालचा पाया, आधीच माणसापेक्षा लांब. रोज वाढतोय आक्का, पोरागत.

सौंदर्या : आणि तू रोज कमी करतोस.

महांतेश : रोज. एकदाच ऱ्हायलं. गडहिंग्लजला लगीन हुतं न्हवं, तू बी आलतीस.

सौंदर्या : पिराजीचा पाय भाजला तो दिवस.

महांतेश : वाळूच्या पेटीत पॅटर्न जेमतेम मावला. कडंला वाळू उरली बोटभर. लोखंडाचा रस ओतला आन कड फुटली.

सौंदर्या : मला तू सांगितलंस की वाळू ओली होती.

महांतेश : तुला वाळू सांगितली. आप्पांना सांगितलं, ड्रॉइंग माझं. दवाखान्यात, सगळ्यांच्या म्होरं म्हणाले, ह्याच्या हातात पेन्सिल सुदिक देऊ नका. पिराजी कॉटवरनं माझ्याकडं बघत हुता. ड्रॉइंग कुणाचं ते त्याला ठाव हाय. बोलला न्हाय.

सौंदर्या : डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, महांतेश. त्यांचं काम थांबवा म्हणून.

महांतेश : डॉक्टर राजारामपुरीत बसत्यात. आप्पा हितं बसत्यात, माझ्या फुड्यात. माझं नाव अडकतं कवाकवा त्यांच्या तोंडात. पर बेडची मापं इचार, घडाघडा सांगतील. त्ये बी काढून घेतलं तर मागं काय ऱ्हायलं?

सौंदर्या : मी धारवाडला बसून तुला काय सांगू?

महांतेश : तसं न्हाय म्हणालो मी. थांब. आप्पा आले.

अण्णासो : काय रं, उघडलं का माझं घर?

महांतेश : उघडलं, आप्पा. बसा.

अण्णासो : फोनवर कोण हाय?

सौंदर्या : मी, आप्पा.

अण्णासो : मी म्हंजे कोण? मी-ला नाव न्हाय व्हय?

सौंदर्या : सौंदर्या.

अण्णासो : मग तसं म्हण की यव्वा. जेवलीस?

सौंदर्या : जेवले. भाकरी आणि पुंडीची भाजी.

अण्णासो : ब्येस. भावाला सांग जरा. मशीन बिघडवून बसलाय सकाळपासनं. बेड ओतायचा हाय, माणसं खोळंबल्यात. मी तंवर श्रिंकेज देऊन ठेवतो.

महांतेश : दिलंय, आप्पा.

अण्णासो : कोण दिलं?

महांतेश : मी... तुम्हीच दिलंय.

अण्णासो : मी दिलं असतं तर मला ठाव नसतं व्हय? तू दिलं असशील. तुझ्यावर कोण इस्वास ठेवंल रं? माणसाचा पाय भाजलास. जेवलीस का गं यव्वा?

सौंदर्या : जेवले, आप्पा.

अण्णासो : ब्येस.

सौंदर्या : महांतेश? आहेत का तिथं?

महांतेश : कोपऱ्यात त्यांच्या मशीनवर बसल्यात. चष्मा पुसाय लागल्यात.

सौंदर्या : तू अंगावर घेतलेलं तेवढं त्यांच्या ध्यानात राहिलंय.

महांतेश : तेवढंच पक्कं बसलंय. जाऊ दे. त्या स्विचचं सांग.

सौंदर्या : एक ओळ आहे. चालू केलास की पॅटर्न शॉपला आप्पांचं होम दिसेल, शून्य न करता. बंद राहू दिलास, तर आप्पा आत जातील, काढतील, सेव्ह करतील. त्यांना काहीच अडणार नाही. फक्त त्यातलं काही खाली पोचणार नाही.

महांतेश : मूळचा बंद असतोय?

सौंदर्या : मूळचा बंदच असतो.

महांतेश : म्हंजे मशीन अडवत हुतं. मी रोज सकाळी येऊन सोडत हुतो.

सौंदर्या : मी तसं म्हटलं नाही.

महांतेश : तू कशाला म्हणशील. आन बंद ठेवला तर? संध्याकाळी ते खाली जात्यात. माझा पॅटर्न कुठाय म्हणून इचारत्यात. पिराजीच्या जागी आता गुंडू हाय, दोन पोरींचा बाप. त्यानं काय सांगायचं? आज न्हाय आला, उद्या येईल? परवा बी त्येच? मी वाळू ओली म्हटलं, आता त्याला म्हणायला लावू?

सौंदर्या : मी येते. सकाळची पहिली एसटी धरते. दोघं मिळून बोलू त्यांच्याशी.

महांतेश : तू येईपतूर अजून एक टक्का वाढंल.

सौंदर्या : मग फोन ठेवू?

महांतेश : नको. ऱ्हा. बोलू नको फक्त.

सौंदर्या : बरं.

महांतेश : आप्पा.

अण्णासो : हं.

महांतेश : जरा हात थांबवा.

अण्णासो : तू बोल की. हात चालू हाय, कान न्हाईत बंद.

महांतेश : पिराजी भाजला त्ये ड्रॉइंग माझं नव्हतं.

अण्णासो : मग कुणाचं हुतं?

महांतेश : तुम्ही रोज या, आप्पा. हितंच बसा. काढा. पर तुम्ही काढलेलं आजपासनं ओतायचं न्हाय.