पेटीतली बाई कुठं गेली

माहा जन्म अकोल्याचा, कापसाच्या जिनाच्या मांगच्या वस्तीतला. बाप जिनात, बाप काय, सारी वस्तीच जिनात, अन् कापसातून सरकी काढाची ते मशीन दिवसभर अशी गर्जे का मानसं एकमेकाशी हातानं अन् तोंड हालवूनच बोलत. मीबी दोन हंगाम केले अन् सोडून देलं, लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली गेलो, भोंगा बांधाचा, तार ओढाची. तवापासून बाप माह्याशी बोलेच ना. काय सांगू तुमाले, चार वर्सं. मी शरमेनं बाजूनं जाऊन, मान खाली घालून इचारो, बाबा, रागावले काय, तर तो आपला बिडी पेत बसे. मी म्हनो, जिन सोडला अन् आपन याच्या मनातून उतरलो.

मंग एकडाव अमरावतीले एका कापसाच्या दलालाच्या घरी काम निंघालं. आमाले बुद्धाचा धर्म घेऊन पाच-सहा वर्सं झाली असतीन तवा. तिथं रेडिओग्राम आयकला, रेडिओ अन् तबकडी एकाच लाकडी पेटीत. आपल्या भोंग्यात ढोलकी टिनाच्या डब्यावानी वाजे, अन् इथं तिचा जाड आवाज पोटात शिरे, गानारी बाई मधात, गोड. मी म्हनलो, हे बापाले आयकवतो, मंग तरी बोलंन. सागाची पेटी केली, मोठा स्पीकर बसवला, आत जिनातलाच कापूस भरला, सारी चरचर काढून टाकली.

जयंतीले मांडवात लावली. तबकडी फिरली, बाया-पोरं खुश, अन् जिनातली मानसं पाहून राहिली माह्या तोंडाकडं. एकजन म्हने, ढोलकी मस्त हाये, पन बाई कुठं गेली? दुसरा म्हने, हो, बाई नाईच. मी पेटी खोलली, तार पाह्यली, पुन्हा लावली. मले बाई साफ आयकू ये. माही बहीन म्हने, दादा, बोल न् बोल कयते. ते म्हनत, बाई नाई. तीनदा खोलली. कोनाचं खरं मानावं, सांगा. मले वाटलं, जिन सोडला म्हून सारे मियून माही मजाक करून राहिले. बाप आला, पेटीवर हात ठेवून जरासा उभा राह्यला अन् मांडवाच्या टोकाले जाऊन बसला. मले रडू आलं, खोटं काहून बोलू.

रागारागानं मी तो जुना चिरका भोंगाच चढवला. तेच गानं लावलं तर बाया कानावर हात ठेवून उठल्या, अन् जिनातली मानसं डुलाले लागली, म्हने, हां, आता आली बाई. माहं डोकंच चालेना. मी गानं बंद केलं, माईक घेतला, म्हनलो, बाबा, मी पल्हाद बोलून राहिलो, माह्यावर राग हाये काय? बाप पार त्या टोकाले पाठ करून बसला होता. तो वयला. म्हने, कायचा राग? चार वर्सं झाली, तूच बोलत नाई माह्याशी.

मशीनीनं बापाचे अन् जिनातल्या मानसाईचे कान नेले, जाड आवाज तेवढा ठेवला, बोलाचा बारीक आवाज नेला, हे पुढं डॉक्टरनं सांगतलं. पन मंग खरा आवाज पेटीतला का भोंग्यातला, ते मले आजवर नाई समजलं. बाप जाऊन लय वर्सं झाली. तुमचे हायत ना बाबा? मंग समोर बसून बोलत जा त्याईच्याशी, सुखी राहा.