कुला की कोला

—मंग तुमीच सांगा शेषरावजी, घाट चढून आलेल्या मानसानं भरवसा ठेवावा तं कोनावर ठेवावा? वाटाड्यावर? तो अर्ध्या वाटेतून पयते. गाडीवानावर? तो उतारावर झोपते. मंग उरला कोन? उतारेवाला! मीच! हासू नका जी. बस्सा, बाजेवर बस्सा—तिकडची दोरी ढिली हाय, इकडं सरका. तहसिलीचे कारकून आमच्या उताऱ्यात पह्यल्यांदाच येऊन राहिले. ते दप्तर ठेवा बाजूले, जबानी लिहाचीच हाय, पळून जाते काय ते? आधी नत्थुजीच्या उताऱ्यात पाहुन्याले काय भेटते ते आयका. आंग धुवाले गरम पानी—परतवाडा सोडला का धारनीपर्यंत दुसऱ्या कोनाकडं नाई. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. बैलाले कडबा. आंगनाले काट्याचं कुंपन, मानसाहून उंच. बंदूक, कुऱ्हाड, काठी, जे असन ते या खुट्यांवर टांगाचं. अन् साऱ्यात मोठी गोष्ट म्हन्जे बोली! खालून आलेल्याले इथल्या रानातल्या कोरकूची बोली समजत नाई, कोरकूले तुमची समजत नाई, मधात मी. शाळा नाई, पंतोजी नाई—कापसाच्या बोज्यांवरची अक्षरं पाहू पाहू लिहाले शिकलो अन् पान्यावरच्या बाया आयकू आयकू कोरकू शिकलो. अकोल्याचा एक व्यापारी आल्ता, इथंच बसला होता तुमच्यासारखा. फुलयनं त्याले विचारलं, “डा?” म्हन्जे पानी पाह्यजे का. तो समजला डाय, वरनाची डाय! म्हने, “हो न बाई, दोन वाट्या, अन् वरून तूप!” हासू हासू सुभद्रा, माही बायको, चुलीपासून उठून बाहीर गेली.

फुलय म्हन्जे कोन? तुमी जिच्यासाठी आले तेच बाई. जिले परतवाड्याच्या चौकीत बसवलं हाय. आमचं सारं पानी तिच्याच डोक्यावरून येत होतं.

हो, येतो, त्या दिसावर येतो. महादेवराव हा तिवशाकडचा, कापसाच्या अकरा गाड्या घेऊन बऱ्हानपुराले निंगाला होता. तिकडं समुद्रापार कोनाची लढाई लागली अन् इकडं आमच्या कापसाले असा भाव आला, का काल दुसऱ्याचे बैल हाकनारा आज चाबूक घेऊन मानसं हाकून राहिला. गाड्या इथं सोडल्या भर दुपारी. बैल झऱ्यावर पाठवले. हा आंगनात उभा, नवं पागोटं, लाल. फुलय घागर घेऊन आली, पाय घसरला, पागोट्यावर शिंतोडा उडाला—शिंतोडा जी, घागर नाई! त्यानं जुवाची शिवळ, ते लाकडी खुटी, उपसली अन् तिच्या तोंडावर हानली. सुकी काडी मोडते न, तसा आवाज. दोन दात माह्या आंगनात पडले. तिनं पदरानं रगत पुसलं, घागर उचलली अन् पुन्हा झऱ्यावर गेली. रडली नाई. म्या काय केलं म्हन्ता? म्या म्हनलं, “रावसाहेब, जाऊ द्या, गरीब हाय.” इतलंच. आतापर्यंत तरी इतलंच.

मंग घडीभरानं ते बाई धावत वर आली. घागर नाई. लुगडं काट्यांनी फाटलेलं, तोंड सुजून भोपया झालेलं, अन् त्या तुटक्या तोंडानं बोंबलून राहिली, “कुला! कुला!” महादेवरावानं खुट्यावरच्या बंदुकीले हात घातला—घातला होता बरं, म्या पाह्यला—मंग हात खाली आला. बंदूक राह्यली, काठी घेतली, हासला अन् झऱ्याकडं उतरला. आता पाहा, कोरकूत कुला म्हन्जे वाघ. अन् आमच्यात कोला म्हन्जे—तुमाले सांगाले नको. तेच झालं! एका अक्षराचा फेर. लिहा, बोलीची चूक झाली. कोनाचीच नाई, बोलीची.

किंकाळी एकच आली. कुऱ्हाडी दगडावर वाजवत आमी खाली उतरलो, तं भर उन्हात वाघ त्याचं नरडं धरून बसलेला, हटेचना. आमच्याकडं पाहे अन् चाटे. दगड मारू मारू हटवला. एक हात कोपरापासून येगळा पडला होता, काठी मुठीत तशीच. बोटं मीच सोडवली. मंग गाडीवान फिरले फुलयवर. “इनं कोला म्हनून मालकाले मारलं!” गाडीच्या चाकाले बांधली, चाबकानं पाठ उघडी केली. ते बाई मार खाऊ खाऊ कुला, कुला, कुलाच म्हनत राह्यली—दुसरा शब्दच नव्हता न तिच्याजवळ—अन् हर डाव त्यांनी कोला आयकला अन् हर डाव अजून मारलं. लई येळ. मी? मी आंगनातच होतो. हवालदार आला, त्यानं विचारलं, “नत्थुजी, तुमाले कोरकूची बोली येते, काय म्हनली बाई?” म्या म्हनलं, “कोला.”

काय म्हन्ता? बंदुकीवरचा हात खाली काहून आला?

तुमी कारकून लोक बी न, नको तिथं बोट ठेवता. आता हे आतलं कवाड लोटतो. नाई, राहू दे. उघडंच राहू दे. आत सुभद्रा हाय, तिले आयकू द्या.

“जाऊ द्या, गरीब हाय,” म्या म्हनलं, तवा त्यानं जोडा काढला. माह्या उताऱ्यात, माह्या पाहुन्यांसमोर, सुभद्रा कवाडात उभी—माह्या तोंडावर हानला. एक डाव. मंग दुसरा. अन् मी हासलो जी! असा हासलो, जसा आता तुमच्यासमोर हासून राहिलो तसाच. जोडा त्याच्या हातून घेतला, झटकला अन् त्याच्या पायाशी ठेवला. पंधरा वर्षं मी गिऱ्हाइकासमोर हासत आलो, माह्या तोंडाले दुसरं येतच नाई. पन पोटात काय होतं, ते मले बी ठाऊक नव्हतं. मंग ते बाई बोंबलत आली, त्यानं बंदुकीले हात घातला, मले म्हने, “काय रे, काय बोंबलते हे?” अन् म्या—बोरू काहून थांबला तुमचा?—म्या म्हनलं, “कोला हाय जी, बैलाले भेवाडून राहिला. बंदूक कसाले? काठी न्या.” तसाच हासून म्हनलं. गाडीवानांनी तिचं नाई आयकलं, माहं आयकलं.

चार दिस झाले, सुभद्रा माह्यासंग कोरकूतच बोलून राहिली. जेव, नीज, सरक—सारं कोरकूत, जितलं फुलयनं तिले शिकवलं तितलं. मराठीत एक शब्द नाई. काल विचारलं काहून, तं बोट चौकीच्या वाटेकडं केलं फक्त.

तिले काळ्या पान्यावर धाडतीन, नाई? का फाशी? नका सांगू. ज्यानं दात पाडले त्यालेच वाचवाले धावत आली होती ते बाई. कोनत्या देवाची कसम घालू तुमाले? ते वरचं खोडा, बोलीची चूक म्हनलं ते. नवा कागद घ्या. बाई कुला म्हनली, नत्थुजीनं कोला सांगतला, जानून सांगतला. आना, सही मी करतो, अंगठा नाई, सही. जेवाले थांबू नका, उन्ह उतराच्या आत खाली पोचा. अन् वाटेत कोनी काई म्हनो, तुमचा साहेब काई म्हनो—तिच्या नावावर तिचं मांडा, माह्या नावावर माहं. हिशेब खरा ठेवा, शेषरावजी. जा आता.