भांडायची जागा

सकाळची पाळी संपवून नर्सबाई बागेतल्या तळ्याकाठच्या बाकावर जरा टेकल्या होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजी-आजोबा आले आणि बूड टेकायच्या आत आजींनी तोफ डागली.

"खोली देऊन मोकळे झालात! मला एका शब्दानं विचारलं नाहीत!"

"नातवाचं परीक्षेचं वर्ष आहे. मुलगा म्हणाला, मी हो म्हटलं."

"आणि आपण?"

"हॉलमध्ये झोपू. सोफ्याचा पलंग होतो."

"तुमचं बरंय, डोकं टेकलं की घोरायला लागता. मी साडी कुठे बदलू? रडू आलं तर कुठे जाऊ, बाथरूममध्ये?"

"अगं हळू, त्या बाई ऐकताहेत."

नर्सबाई ओशाळून उठू लागल्या.

"बसा हो तुम्ही! परक्यांपुढे चालतं. घरी सुनेसमोर ब्र काढायची सोय नाही, म्हणून तर आम्ही इथे येऊन भांडतो."

"रोज," आजोबा म्हणाले.

"रोज कुठे? तुम्ही चुकता तेव्हाच."

"म्हणजे रोजच. हे बघ, वर्षभराचा तर प्रश्न आहे."

"सासूबाईंची खोली आपण घेतली, तेव्हाही वर्षभराचाच प्रश्न होता. गेल्या त्या हॉलमध्येच."

आजोबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

आजींनी पदर सारखा केला. "चला, उठा. सून वाट बघत असेल. उरलेलं उद्या."

"उद्या बाग बंद असते. बस खाली. उद्याचंही आत्ताच भांडून घे."