पायरोतली मिठाची रास

आज माझी ही असती, तर तिने मला हे सांगूच दिलं नसतं. उरणला आमचा स्टुडिओ होता. मिठागर सोडून चाललेल्या धर्माबाबांनी आपल्या शेवटच्या राशीचे फोटो काढून घेतले. पहिली फिल्म मी नेहमीच्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, धुतली. फोटोत रास नुसतीच पांढरीफटक आली. ती बघून बाबा म्हणाले, "ह्यो चुना हाय, मीठ न्हाय."

रास तर विकून गेलेली. तिची उरलेली एकुलती फिल्म हिने पायरो नावाच्या, डाग पाडणाऱ्या जुन्या डेव्हलपरमध्ये धुतली. निगेटिव्ह पिवळी झाली, हिची बोटंही.

"घालवलीस!" मी म्हणालो.

"अहो, कागदावर उतरू द्या, मग बोला."

उतरल्यावर मिठाचा दाणा न् दाणा वेगळा दिसला. बाबांनी फोटोवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट न्हाय," ते म्हणाले, "येवढीच खोट."