रुसवा महाल

जुन्या राजधानीची सहल. अरुंद जिन्यावर रांग अडलेली. माझ्यापुढे मायलेकी, त्यांच्यापुढे गाइड.

“हा रुसवा महाल. राणीसाहेब रुसल्या की इथं येऊन बसायच्या.”

“किती दिवस हो?” आईनं विचारलं.

“महाराज समजूत काढायला येईपर्यंत.”

“ऐकलंस? राण्यासुद्धा रुसतात. पण शेवटी आपल्या घरी जातात.”

“आई, गुडघा दुखतोय ना? टेक जरा.”

“विषय बदलू नकोस. जावईबापूंचा फोन आला तर नीट बोल. पहिला शब्द पुरुषांना जड जातो.”

“आणि महाराज आलेच नाहीत तर हो, दादा?” मुलीनं गाइडला विचारलं.

“असं कुणी विचारत नाही, ताई. चला, पुढं हत्तीखाना आहे.”

“बघ, वेड्यासारखं काहीतरी विचारतेस.”

“आई, मी रुसून नाही आले.”

“मग?”

“रुसलेलं माणूस वाट बघतं. मी कुणाची वाट बघत नाहीये.”

रांग थोडी पुढं सरकली. आई जागची हलली नाही.

“अगं, मग आल्या दिवशीच सांगायचंस ना! तुझ्या खोलीत माझं शिलाई मशीन ठेवलंय. ते हलवायला नको का?”