नांदगाव येथील माडीच्या फळ्यांबाबत

दिनांक ०९/०४/२०२५

मी, सौ. भार्गवी सलिल परचुरे, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी (विमा कंपनी), राहणार नौपाडा, ठाणे. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून, सांगते ते असे की,

माझे वडील महादेव केशव साठ्ये, वय ७९, निवृत्त पोस्टमास्तर, हे नांदगाव, ता. मुरुड येथे आमच्या वाडीतल्या घरी एकटे राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई चार वर्षांपूर्वी वारली. घराला वर माडी असून माडीची जमीन सागवानी फळ्यांची आहे. खालच्या खोल्यांना प्लायवुडचे छत मारलेले असल्याने त्या फळ्या खालून दिसत नाहीत. अण्णा माडीवर समुद्राच्या बाजूच्या खोलीत झोपतात. खोलीला लागून मोरी व संडास आहे. जिना घराच्या दुसऱ्या टोकाला, वळणाचा आहे.

मागच्या पावसाळ्यात कौले सरकून माडीवर पाणी आले. फळ्या काळ्या पडल्या व जागोजागी उकलल्या. त्यातले कुसळ अण्णांच्या पायात गेले. त्यांना मधुमेह असल्याने जखम भरता भरता दिवाळी आली. डॉक्टरांनी सांगितले की जमीन घासून नीट पॉलिश करून घ्या, नाहीतर त्यांना खाली झोपवा. अण्णा खाली झोपायला तयार नव्हते. ठाण्याला येण्याबाबत विचारले असता ते म्हणाले, "तिथे समुद्र कुठाय?"

मी माणूस शोधू लागले. मुरुडच्या एका सुताराने दारे-खिडक्या करतो, जमिनीचे काम करत नाही, असे कळवले. अलिबागचा एक जण येऊन माप घेऊन गेला व नंतर त्याने फोन घेतले नाहीत. अशात दोन महिने गेले. त्यानंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी पुढे पाठवलेली जाहिरात मला दिसली. जुन्या लाकडी जमिनी नव्यासारख्या करून मिळतील, असा मजकूर व जीवन असे नाव होते. आडनाव नव्हते. मी फोन केला. तो मोजके व आदबीने बोलला. म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. तुम्ही यायची पण गरज नाही. रोज फोटो टाकतो." त्याने पनवेलकडचा असल्याचे सांगितले. मला दर वेळी रजा मिळत नसल्याने ते सोयीचे वाटले.

संक्रांतीनंतर तो दोन कामगार व घासायचे मशीन घेऊन नांदगावला आला. पहिल्या आठवड्यानंतर कामगार गेले. येण्या-जाण्यात वेळ जातो म्हणून खालच्या खोलीत राहू का, असे त्याने मला विचारले. मी हो म्हणाले. रोज संध्याकाळी फोटो येत होते. फोटोत जमीन चकचकीत दिसत होती. अण्णाही फोनवर खूष होते. म्हणाले, "कामाला वाघ आहे गं. आणि जेवायला बसलो की समोर बसतो."

फेब्रुवारीच्या मध्यापासून अण्णांचा फोन जीवन उचलू लागला. फोन खाली चार्जिंगला आहे, अण्णा झोपले आहेत, अण्णा मोरीत आहेत, असे तो सांगत असे. त्या सुमारास तो मला मॅडमऐवजी ताई व अण्णांना बाबा म्हणू लागला होता.

नांदगावच्या घरी घरकामाला ठमी नामा म्हात्रे ही बाई वीस वर्षे येते. तिचा मला फोन आला. ती तिच्या शब्दांत म्हणाली, "ताय, तो मना वर जाव देत न्हाय. फल्या वल्या हायत सांगतो. इतकं दिस कुठं वल्या ऱ्हातात?" मी जीवनला विचारले. तो म्हणाला की पॉलिशचे पाच हात द्यायचे आहेत, प्रत्येक हात वाळावा लागतो, बाईच्या पायांचे ठसे उमटतात. दुसऱ्या दिवसापासून त्याने ठमीला कामावरून काढले. तसे करण्यास मी सांगितले नव्हते. करू नकोस असेही मी म्हटले नाही.

दिनांक १४ मार्च रोजी, धुळवडीच्या दिवशी, दुपारी मी व पती गाडीने नांदगावला गेलो. फाटकाला नवीन कुलूप होते. जीवनने येऊन उघडले. पती गाडी लावत होते. मी आत गेले तेव्हा घरात पॉलिशचा वास होता. जिन्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधलेली होती. मी दोरी काढू लागले. जीवन माझ्यामागे येऊन उभा राहिला व म्हणाला, "ताई, आजच शेवटचा हात दिलाय." मी खालून अण्णांना हाक मारली. वरून अण्णांचा आवाज आला, "भार्गवी, वर येऊ नकोस. ओलं आहे." मी विचारले, बरे आहात ना? ते म्हणाले, "तू जा. ऊन आहे तोवर जा."

मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला हात लावून पाहिला. हाताला धूळ लागली. ओलावा नव्हता.

मला येथे विचारण्यात आले की त्या वेळी वर का गेला नाहीत. मी सांगते की अण्णांनी नको म्हटले होते. आम्ही चहा न घेता निघालो.

दिनांक ५ एप्रिल, शनिवारी, ठमीचा पुन्हा फोन आला. तिने सांगितले की जीवनने टेम्पोतून लाकूड नेल्याचे तिच्या नवऱ्याने दोनदा पाहिले. गुरुवारी तो शेवटचा टेम्पो भरून गेला तो परत आला नाही. फाटकाला बाहेरून कुलूप आहे. ती कुंपणाशी उभी राहून हाका मारते तर ओ येत नाही. जीवन गावात सांगत असे की म्हाताऱ्यामागे ही वाडी माझीच आहे, असेही ती म्हणाली.

दिनांक ६ एप्रिल, रविवार, सकाळी आम्ही नांदगावला पोहोचलो. रामनवमी असल्याने देवळात गर्दी होती. ठमीचा नवरा नामा याने फाटकाचे कुलूप तोडले. मी जिना चढून वर गेले. वरच्या वळणावर नामाने माझा दंड धरून मला मागे ओढले.

पुढे जमीन नव्हती. जिन्यापासून अण्णांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत सगळ्या फळ्या काढून नेलेल्या होत्या. नुसत्या तुळया होत्या व त्यांच्या मधून खालच्या छताचे प्लायवुड दिसत होते. त्यावर पाय पडला असता तर माणूस सरळ खाली गेला असता. फक्त अण्णांच्या खोलीतल्या फळ्या जागेवर होत्या. त्या घासलेल्या नव्हत्या. काळ्याच होत्या.

अण्णा पलंगावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

नामा नारळावर चढायची शिडी घेऊन आला. ती तुळयांवर आडवी टाकून तो पलीकडे गेला व त्याने अण्णांना पाठुंगळी घेऊन आणले. शिडी वाकत होती. मी अलीकडे उभी होते. अण्णांचे वजन फार कमी झाले आहे. पायाची जखम पुन्हा उघडी पडून चिघळली होती. अलिबागला रुग्णालयात दाखल केल्यावर सोमवारी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा व शेजारचे बोट काढावे लागले. या धावपळीमुळे जबाब देण्यास आज उशिराने आले आहे.

अण्णांनी मला सांगितले की जीवन एक लांब फळी टाकून जेवण घेऊन येत असे व जाताना ती फळी जिन्याकडे ओढून घेत असे. गुरुवारी कायमचा जाताना तो तीही घेऊन गेला. तेव्हापासून ते मोरीतल्या नळाचे पाणी पीत होते. धुळवडीला तुम्ही मला परत का पाठवले, असे मी विचारले. ते म्हणाले, "आली असतीस तर पडली असतीस." तक्रार करू नकोस, असेही ते म्हणाले. "रोज संध्याकाळी येऊन बसायचा. माझं बोलणं ऐकायचा." याबाबत मला जास्त काही सांगायचे नाही.

मोबाईलवर आलेले सर्व फोटो मी दाखवले आहेत. त्यातली चकचकीत जमीन आमची नाही. फोटोतल्या खिडकीला हिरव्या झडपा आहेत. आमच्या खिडक्यांना झडपा नाहीत. हे मी आधी पाहिले नव्हते.

आज सकाळी नऊच्या सुमारास मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात असताना मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई मराठी होती. तिने नाव सांगितले ते मला समजले नाही. ती म्हणाली, "जीवननी तुमचा नंबर दिलाय. म्हणाला, त्या ताईंच्या वडिलांचं घर मीच केलंय, त्यांना विचारा. कसं आहे हो काम? म्हणजे, सुरू तर परवाच झालंय. आई एकटीच असते ना तिकडे. पण तिचं त्याच्याशी छान जमलंय." मी घर कोठे आहे, असे विचारले. मागे विमानतळावर चालतात तशा सूचना चालू होत्या. ती म्हणाली की ती दुबईला निघाली आहे, आता विमानात बसते आहे, फोन बंद करावा लागेल. मी त्याला घराबाहेर काढा, असे ओरडून सांगितले. ते तिने ऐकले की नाही, मला माहीत नाही. तेव्हापासून तो नंबर बंद आहे. नंबर मी येथे दिला आहे. जीवनचा नंबरही बंद आहे.

घराचे ठिकाण तिने सांगितले, पण ते तुटक ऐकू आले. ती थळ म्हणाली की तळा, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. दोन्ही गावे जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत, हे मला माहीत आहे. तरी दोन्हीकडे आजच माणसे पाठवावीत. लाकडी जमिनीचे काम चालू असलेले घर पाहावे. आत म्हातारी बाई असेल. ती वर येऊ नका म्हणाली तरी वर जावे.

एवढेच माझे सांगणे आहे. ते माझ्यासमोर मराठीत लिहून घेतले व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच, खरे व बरोबर आहे.

सही/-
(सौ. भार्गवी सलिल परचुरे)