लव्हाळ्यातली पाणकोंबडी

एकाहत्तरची लढाई चालू होती. जबलपूरच्या तलावाकाठी दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून विभावरी रमतगमत चालली होती. पुढे कारखान्यात तोफा डागून तपासणारा एक कामगार आणि त्याची बायको होती.

“उद्या डॉक्टर कान तपासणार ना?”

“काय?”

“डॉक्टर! उद्या!”

“तपासू दे. ठणठणीत आहेत.”

“नापास केलं तर घरी बसवतील जी.”

“काहून करतील? अन् ओरडून नको बोलू, ऐकू येते मले.”

“अच्छा. मागे लव्हाळ्यात पाणकोंबडी ओरडून राहिली, ऐकली?”

“केव्हाची ऐकून राहिलो.”

विभावरीनं थांबून कान दिला. लव्हाळं चिडीचूप होतं.

“चलो, उद्या मीही येते दवाखान्यात,” बायको म्हणाली. “मी मान हलवली तरच हो म्हणा.”